मागच्या अंगणातली कागदी तुती : ठेवू की काढू?

मागचं_अंगण | १८ एप्रिल
नमस्कार मंडळी, बागकामात पहिल्यांदाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. आम्ही डिसेंबरात रिचमंडजवळ (व्हर्जिनिया) जुनं घर घेतलं. तेव्हा सगळ्याच झाडांचे खराटे झालेले, त्यामुळे मागच्या कुंपणाशी जे एक वाकडंतिकडं, अंगभर गाठी आलेलं झाड आहे ते कसलं हे आम्हाला कळलं नाही आणि विकणाऱ्या आजींनाही सांगता येईना. नवरा म्हणाला हे पडणारच आहे, आत्ताच काढून टाकू. मी म्हटलं पालवी तर फुटू दे.

आता फुटलीये आणि मी प्रेमातच पडलेय. एकाच फांदीवर एक पान पिंपळासारखं बदामी, दुसऱ्याला एका बाजूला अंगठा फुटल्यासारखा, तिसऱ्याला तर पाच बोटं! वरून हात फिरवला तर मांजराच्या जिभेसारखं खरखरीत आणि खालून मखमल. देठ तोडला की पांढरा चीक.

गेल्या रविवारी सासूसासऱ्यांना घेऊन विल्यम्सबर्गला गेलो होतो, तिथे जुन्या वस्तीत अशीच म्हातारी गाठाळ झाडं उभी आहेत, लोक शेजारी उभे राहून फोटो काढतात. तिथे कळलं की ही पेपर मलबेरी, म्हणजे कागदी तुती. घरी येऊन शेजारच्या आजोबांना मोठ्या उत्साहाने सांगितलं तर ते म्हणाले लवकर काढा ती ब्याद, माझ्या बाजूला पण कोंब येतात.

तर प्रश्न असा की शोभेचं झाड म्हणून ही ठेवावी का? आपल्यात कोणी लावलीये? हिरवळीत १५-२० कोंब वर आलेत हे खरंय. आणि सध्या झाडाला सुरवंटासारखे लोंबते तुरे लागलेत.

आंबोळी | १८ एप्रिल
पान बघून "हात दाखवून अवलक्षण" आठवलं. फोटो टाका ना.

फांदीतोड्या | १८ एप्रिल
मी खाली शार्लटला असतो (नॉर्थ कॅरोलिना), झाडं कापणं हा धंदा नाही पण शनिवार-रविवारचा छंद आहे असं समजा.

लोंबते तुरे म्हणजे तुमचं झाड नर आहे. हिच्यात नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं, आपल्या पपईसारखं. मादीला तुरे येत नाहीत, हिरवे गोल चेंडू येतात आणि त्यांना जांभळट केसांसारखे धागे असतात, मग उन्हाळ्याच्या शेवटी त्यातून केशरी-लाल गर बाहेर येतो. तुमच्याकडे फळं पडून राडा होणार नाही पण परागकण भरपूर उडणार.

कोंब कापत बसलात तर संपायचे नाहीत कारण ते बियांचे नाहीत, मुळांवरून येतात. मूळ वरच्या वर पसरतं, खोल जात नाही, म्हणून झाड मोठं झालं की वादळात आडवं होतं. लाकूडही ठिसूळ. अंगणात मुलांचा झोपाळा वगैरे असेल तर आधी एखाद्या जाणकाराला बोलावून खोड तपासून घ्या, गाठी दिसायला छान असतात पण आत पोकळी असू शकते.

मागचं_अंगण | १९ एप्रिल
झोपाळा आहे आणि नेमका त्याच फांदीला आहे :(

घाटमाथा | १९ एप्रिल
मी बरोब्बर उलट्या प्रश्नावर अडकलोय म्हणून इथेच विचारतो, वेगळा धागा नको. मुळशीला २० गुंठे घेतलेत, बाजूच्या रिसॉर्टचा डीजे आणि त्यांचे ते निळे लाइट दिसू नयेत म्हणून पटापट वाढणारं काहीतरी हवंय. उत्तराखंडात ट्रेकला गेलो होतो तेव्हा हे झाड बघितलं, गाइड जंगली तूत म्हणाला, दोन वर्षांत डोक्याच्या वर जातं, पान दिसायला एकदम झकास, पाणी नको खत नको. डेहराडूनहून ४० रोपं मागवायच्या बेतात आहे. कोणी पाठवू शकेल का?

डूनवाली | १९ एप्रिल
घाटमाथा, मी डेहराडूनलाच असते, ३१ वर्षं झाली, यजमान फौजेत होते ते निवृत्त होऊन इथेच घर बांधलं. रोपं पाठवणं मला अजिबात अवघड नाही, नाल्याकडेला फुकट उगवलेली आहेत हवी तितकी. पण पाठवणार नाही!

अहो इथे ही कोणी लावत नाही आता, आपली आपण येते. मादी झाडाची फळं बुलबुल खातात आणि तारेवर बसून बी टाकतात, त्यामुळे आमच्याकडे प्रत्येक कुंपणाच्या बरोबर खाली तुतीची रांग असते, जणू कोणी दोरी धरून लावलीये. एकदा पाइपलाइनसाठी मागची गल्ली खणली तर पुढच्या पावसाळ्यात खणलेल्या पट्ट्यात फक्त हीच, दुसरं गवत नाही. मूळ तुटलं की तुटलेल्या तुकड्यातून नवीन झाड. आणि फेब्रुवारी-मार्चात नर झाडं फुलली की आमच्या घरात तिघंजण शिंकतात, मी, सून आणि कुत्रा.

दिसायला सुंदर आहे हे मात्र खरं. संध्याकाळचं ऊन पानातून आलं की मखमलीला सोनेरी कड येते. पण म्हणून ४० कशाला?

सर्दीपडसं | २० एप्रिल
डूनवालीकाकूंना +१००. ज्यांना "झाड आहे, लावायला काय हरकत आहे" असं वाटतं त्यांनी इस्लामाबादचं उदाहरण बघा. १९६० च्या दशकात पाकिस्तानने नवी राजधानी वसवली, माळरान लवकर हिरवं दिसावं म्हणून ही झाडं लावली आणि झाली हिरवी, प्रश्नच नाही. पण पुढे काय, तर दरवर्षी मार्चमध्ये शहरावर परागकणांचं ढगच उतरतं. तिथलं हवामान खातं आपल्याकडे पावसाचे आकडे देतात तसे रोजचे परागकणांचे आकडे जाहीर करतं, आणि ऐन बहरात एका घनमीटर हवेत ४०,००० च्या वर गेलेले आहेत. दम्याची माणसं त्या दिवसांत शहर सोडून गावी जातात. मग तोडायचा निर्णय झाला, हजारो तोडली, त्यावरून वेगळा वाद की तुतीच्या नावाखाली दुसरीही झाडं गेली. म्हणजे लावताना घाई आणि तोडतानाही घाईच.

मला स्वतःला पुण्यात सप्तपर्णी फुलली की दिवाळीचे पंधरा दिवस डोकं धरून बसावं लागतं, तीही रस्त्याकडेला अशीच हौसेने लावलेली. त्यामुळे या विषयावर मी जरा तिखट बोलतो, राग मानू नका.

घाटमाथा | २० एप्रिल
सप्तपर्णी आपली देशी आहे हो, तिला कशाला मध्ये ओढता. आणि इस्लामाबाद कोरडं, मुळशीत धो धो पाऊस, सगळे परागकण जमिनीवर बसतील.

सर्दीपडसं | २० एप्रिल
फुलते मार्चमध्ये. मुळशीत मार्चमध्ये पाऊस पडतो का?

घाटमाथा | २० एप्रिल
बरं.

तोक्योकर | २१ एप्रिल
इतक्या शिव्या ऐकून बिचारीची दुसरी बाजू मांडावी म्हणतो. मी जपानमध्ये आहे, साइतामा प्रांतात, आणि माझ्यापासून तासाभरावर ओगावा म्हणून गाव आहे तिथे हिच्याच सालीपासून हातकागद करतात. इथे कोझो म्हणतात, म्हणजे अगदी शुद्ध ही नाही, ही आणि हिची एक छोटी चुलतबहीण यांचा संकर, पण पान, साल, चीक सगळं तेच. ओगावाचा होसोकावा कागद, गिफूचा मिनो आणि शिमानेचा सेकिशू, या तिन्हींना मिळून २०१४ मध्ये युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली.

आता मुद्दा. इथल्या शेतकऱ्याच्या बांधावर ही शेकडो वर्षं आहे आणि तरी उपद्रव होत नाही, का? कारण तो तिला झाड होऊच देत नाही. थंडीत पानं गळली की दरवर्षी जमिनीलगत छाटतो. वसंतात खुंटातून छड्या फुटतात, माणसाहून उंच जातात, पुन्हा छाटल्या. एका वर्षाच्या छडीला फूल येत नाही, फूल नाही तर पराग नाही, बी नाही. आणि शोभेचं म्हणाल तर अशा कोवळ्या छडीवरची पानं मोठ्या झाडापेक्षा दुप्पट मोठी आणि जास्त कातरलेली असतात, ज्या पानांच्या तुम्ही प्रेमात पडलात ती तर कोवळेपणाचीच खूण. म्हातारं झाड बहुतेक साधी बदामी पानं काढतं. मागचं_अंगण, तुमच्या हिरवळीतल्या कोंबांची पानं बघा, ती जास्त नक्षीदार असणार.

फक्त मुळांचे कोंब तरीही येतात, ते इथेही खणून काढावेच लागतात, त्यावर उपाय नाही.

मागचं_अंगण | २१ एप्रिल
आत्ता चप्पल घालून बघून आले. खरंच की! कोंबांची पानं म्हणजे नुसती रांगोळी.

जालनावाला | २२ एप्रिल
मी रेशीम शेती करतो, व्ही-१ तुती दीड एकर. तुतीचं नाव वाचून आलो. हा पाला किड्याला चालतो का? पाणी कमी लागत असेल तर बांधावर लावून बघायला काय जातंय.

तोक्योकर | २२ एप्रिल
दादा, नाव तुती असलं तरी ही ती तुती नव्हे, कुळ एक आहे एवढंच. त्या हिशोबाने वड, पिंपळ, उंबर, फणस पण त्याच कुळातले. कोषाचा दर्जा म्हणजे तुमचा पैसा, तो व्ही-१ सोडून दुसऱ्या कशावर लावू नका. चीनमध्ये हिचं संकरित वाण चाऱ्यासाठी लावतात, गुरांना आणि डुकरांना.

जालनावाला | २२ एप्रिल
म्हणजे बांधावर नकोच. शेजारी आधीच बांधावरून भांडतो, त्यात मुळं त्याच्या रानात गेली की कोर्टात जाईल.

आंबोळी | २२ एप्रिल
मागचं_अंगण यांचे शेजारी आजोबा पण त्याच मार्गावर आहेत असं दिसतंय.

फांदीतोड्या | २३ एप्रिल
लोल. पण इकडे आग्नेय अमेरिकेत ही शोभेसाठीच आणली हे खरंय, अठराव्या शतकात. जेफरसन साहेबांना (अमेरिकेचे तिसरे राष्ट्राध्यक्ष) फार आवडायची, मॉन्टिसेलोच्या घरीही लावली आणि लिंचबर्गजवळ त्यांचं दुसरं घर आहे, पॉप्लर फॉरेस्ट, तिथे तर वास्तुरचनेत वापरली. घर अष्टकोनी, त्याच्या दोन्ही अंगांना मातीचे गोल टेकाड, आणि घरापासून टेकाडापर्यंत कागदी तुतीच्या दुहेरी रांगा. म्हणजे बाकीचे लोक घराला दोन बाजूंनी विटांचे सोपे काढतात तसे याने झाडांचे काढले. उत्खनन करणाऱ्यांनी त्या रांगांच्या जागा शोधल्या आणि आता पुन्हा लावल्यात. मागचं_अंगण, तुमच्यापासून दोन-अडीच तास असेल, जाऊन बघा, रांगेत, छाटून, निगा राखून ठेवलेली कशी दिसते ते कळेल. अर्थात त्यांच्याकडे पगारी माळी आहेत.

डूनवाली | २३ एप्रिल
आणि जेफरसनकडे तर माळीच काय, राबायला गुलाम होते, कोंब कोण काढत असेल ते सांगायला नको.

फांदीतोड्या | २३ एप्रिल
खरंय काकू.

हिरवट | २५ एप्रिल
अवांतर आहे पण राहवत नाही. हिच्या शास्त्रीय नावातला (ब्रूसोनेशिया पॅपिरिफेरा) ब्रूसोने म्हणजे एक फ्रेंच निसर्ग अभ्यासक. पॅरिसमध्ये मादी झाड होतं पण नर नव्हता, त्यामुळे फळ धरेना. या माणसाने स्कॉटलंडच्या एका बागेतून नर झाड आणून दिलं आणि मग शास्त्रज्ञांना फूल आणि फळ दोन्ही नीट अभ्यासता आलं. त्याचं नाव झाडाला मिळालं. आपल्याकडे स्थळं जुळवणाऱ्या मावशीला साडीसुद्धा धड मिळत नाही.

आणखी एक. प्रशांत महासागरातल्या बेटांवर, टोंगा, सामोआ, फिजी, तिथे हिच्या आतल्या सालीला लाकडी ठोकळ्याने बडवून बडवून कापड करतात, टापा. माणसं होड्यांतून जाताना रोपं बरोबर घेऊन गेली, आणि जनुकांच्या अभ्यासातून २०१५ मध्ये त्यांचा माग थेट तैवानपर्यंत लागला. गंमत म्हणजे तिथली जुनी झाडं जवळपास सगळी मादी, कारण कोणी बी लावलंच नाही, मुळाचे कोंब एका बेटावरून दुसऱ्या बेटावर. तिथेही फुलायच्या आधीच कापतात, तोक्योकर म्हणतात तसंच. ज्या कोंबांना आपण इथे शिव्या देतोय त्यांच्या जोरावर अर्ध्या महासागराला कपडे मिळाले.

घाटमाथा | २५ एप्रिल
बघा! म्हणजे फक्त मादी रोपं मागवली तर पराग नाही, नर नाही म्हणून बी नाही. मग मुळशीत काय प्रॉब्लेम?

हिरवट | २५ एप्रिल
कोंब. आणि तुमचं बघून शेजारच्या रिसॉर्टने नर लावला तर? घानात १९६९ मध्ये कागदाच्या लगद्यासाठी प्रयोग म्हणून आणली, आता तिथल्या जंगलात जिथे झाडं तोडून उजेड पडतो तिथे हीच घुसते. आपल्याकडे सुबाभूळ "कल्पवृक्ष" म्हणून वाटली होती ना, आणि टेकड्यांवर गिरिपुष्प? वेताळ टेकडीवर जाऊन बघा, गिरिपुष्पाखाली काय उगवतंय ते. गुजरातने कोनोकार्पसवर २०२३ मध्ये बंदी घातली, ते झाडही लोकांनी याच कारणासाठी लावलेलं, लवकर वाढतं, हिरवं दिसतं, पाणी नको. "पाणी नको, खत नको, लवकर वाढतं" ही तीन वाक्यं एका दमात ऐकली की मी तरी नर्सरीतून बाहेर पडतो.

डूनवाली | २६ एप्रिल
घाटमाथा, डीजे अडवायला बांबू लावा. एका जागी बेट धरून राहणारा, मेस किंवा माणगा. पुढे ताम्हण, पांगारा, कांचन. पाच वर्षं थांबा की, डीजेवाला तोवर दिवाळखोर होईल.

घाटमाथा | २६ एप्रिल
ताम्हण चालेल, आईचं पण आवडतं आहे. पण एक तुती कुंडीत लावणारच, तुम्ही काही म्हणा.

तोक्योकर | २६ एप्रिल
कुंडीत चालते, मोठी घ्या, दर थंडीत बुडापासून छाटा. फक्त कुंडी मातीवर ठेवू नका, फरशीवर ठेवा आणि दर महिन्याला उचलून खाली बघा, भोकातून मूळ बाहेर आलं की गेलंच समजा.

मागचं_अंगण | ११ मे
पॉप्लर फॉरेस्टला जाऊन आलो. रांगा छान आहेत पण खरं सांगू का, माझं वाकडं झाड मला जास्त आवडतं. परतताना गाडीत नवऱ्याशी तह झाला. झोपाळा दुसरीकडे, झाड राहील, कोंबांवर तो दर शनिवारी मोअर फिरवेल. परागकणांचा त्रास आमच्यात कोणाला झाला नाही, गाडीवर पिवळी पूड होती पण इथे एप्रिलमध्ये पाइनची असतेच, कुठली कुणाची कळत नाही.

फांदीतोड्या | ११ मे
खोड तपासलं का?

मागचं_अंगण | १२ मे
तपासते.

मागचं_अंगण | ९ जुलै
धागा वर काढतेय. परवा रात्री वादळ झालं, मोठी फांदी तुटून आजोबांच्या कुंपणावर पडली. झोपाळा होता तीच फांदी. कोणी नव्हतं खाली, नशीब. तुटलेल्या जागी हात घालून बघितलं तर कोपरापर्यंत आत जातो, भुसा नुसता. फांदीतोड्या, तुमचं ऐकायला हवं होतं.

आजोबा एका शब्दाने बोलले नाहीत, उलट करवत घेऊन आले. त्यामुळे जास्तच लाज वाटली. कुंपणाचे पैसे दिले.

झाड काढायचं ठरलं. आता कसं काढू म्हणजे परत येणार नाही?

फांदीतोड्या | ९ जुलै
सगळे सुखरूप आहात ना, मग झालं. आत्ता कापू नका, ऐन वाढीत नुसतं कापलं तर चवताळून दुप्पट कोंब देते. धोक्याच्या फांद्या आत्ता उतरवून घ्या, बाकीचं पानगळीच्या आधी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, तेव्हा झाडाचा रस मुळांकडे जात असतो. बुंधा कापल्याबरोबर, म्हणजे खरंच पाच-दहा मिनिटांत, कापलेल्या कडेवर ग्लायफोसेट किंवा ट्रायक्लोपायर हे तणनाशक ब्रशने लावायचं, लेबलवर दिलं असेल त्याच प्रमाणात. मध्यभागी नाही, सालीच्या आतल्या कडेला, जिवंत भाग तोच. हातमोजे घाला. एवढं करूनही पुढची दोन वर्षं कोंब येणार, ते दिसले की काढायचे. आजोबांच्या बाजूचे पण.

हिरवट | १० जुलै
त्या जागी रेडबड लावा. तुमच्याकडचंच मूळचं झाड, वसंतात पानांआधी अंगभर गुलाबी फुलं, पान बदामी, आणि आपल्या कांचनाचं नात्यातलं.

तोक्योकर | १० जुलै
कापण्याआधी हिरवळीतल्या लांब छड्या ठेवा बाजूला. आत्ता रस भरलेला असतो, साल हाताने सोलून निघते, वाफवायची पण गरज नाही. वरची तपकिरी साल खरवडून टाका, आतली पांढरी साल धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात दोन-तीन तास उकळा, धुवा, आणि लाकडी ठोकळ्याने बडवा, मिक्सरमध्ये घालू नका, धागा लांब राहायला हवा, या कागदाचा जीव त्या लांब धाग्यातच आहे. इथे पाण्यात तोरोरो-आओई नावाच्या झुडपाच्या मुळाचा बुळबुळीत रस घालतात, म्हणजे धागे तळाशी बसत नाहीत. ते झुडूप भेंडीच्या जातीचं. तुम्ही भेंडी वापरून बघा, कापून रात्रभर पाण्यात ठेवा आणि गाळून घ्या.

आंबोळी | १० जुलै
आयुष्यभर भेंडीची बुळबुळ जावी म्हणून आमसूल घातलं, आता मुद्दाम काढायची?

मागचं_अंगण | २४ ऑगस्ट
केला! मी आणि लेक, सबंध शनिवार. सोलणं मस्त, चर्रकन लांब पट्टी निघते. बडवणं म्हणजे हात भरून आले, पाटा-वरवंटा नाही म्हणून लाटण्याने. भेंडीच्या पाण्याची आयडिया खरंच चालते, चमच्याने ढवळलं की धागे तरंगत राहतात. चाळणीला जाळीचं कापड लावून तीन ताव काढले. पहिला पापडासारखा जाड आणि मध्ये भोक, दुसरा वाळताना खिडकीच्या काचेलाच चिकटून बसला, अजून तिथेच आहे. तिसरा मात्र छान, पातळ, उजेडात धरला की धागे दिसतात, आणि फाडायला गेलं तर फाटत नाही! पुण्याला शिवाजीनगरला हातकागद संस्थेत चिंध्यांचा कागद घ्यायचे मी कॉलेजात असताना, त्यापेक्षा हा अगदी वेगळा, कापडासारखाच लागतो हाताला.

झाडवाले ४ ऑक्टोबरला येतायत. रेडबडचं रोप सांगून ठेवलंय. वरच्या फांद्यांची साल बरीच निघेल, फांदीतोड्या, हवी असेल तर गाडी घेऊन या.

घाटमाथा | २५ ऑगस्ट
मला एक छडी पाठवाल का? कुंडीसाठी.

डूनवाली | २५ ऑगस्ट
पाठवू नकोस गं.